ॲन लिस्टरची जयंती: एका रोजनिशीभोवती जमणारे लोक

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातलं हॅलिफॅक्स हे एकेकाळचं लोकरीच्या कापडाचं गाव. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे देशोदेशींहून लोक येतात, त्यांत बायकांची संख्या मोठी असते. ३ एप्रिल हा ॲन लिस्टरचा जन्मदिवस, साल १७९१. त्या दिवसांत गावात व्याख्यानं होतात, ती राहिली त्या शिबडेन हॉल नावाच्या जुन्या वाड्याची फेरी होते, तिच्या नोंदींचं जाहीर वाचन होतं आणि संशोधकांना प्रश्न विचारता येतात.

ही बाई कवयित्री नव्हती, कादंबरीकारही नव्हती. तिच्या हयातीत तिचं एकही पुस्तक निघालं नाही. तिने लिहिली ती रोजनिशी, सुमारे ५० लाख शब्दांची. त्यातला साधारण सहावा भाग तिने स्वतःच्या गुप्त लिपीत लिहिला आणि त्या भागात बायकांवरच्या आपल्या प्रेमाबद्दल काहीही न लपवता लिहिलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या समलिंगी स्त्रीचं आयुष्य तिच्याच शब्दांत, रोजच्या रोज आणि इतक्या तपशिलात उपलब्ध असणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. २०११ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ योजनेखालच्या ब्रिटनच्या नोंदवहीत या रोजनिशीचा समावेश झाला.

एलजीबीटी समाजातल्या थोरांचा गौरव म्हणजे नेमकं काय करायचं, असा प्रश्न अनेकांना पडतो. पुतळा, फलक, मिरवणूक, भाषणं यांना आपापली जागा आहे. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्या व्यक्तीच्या हातचे शब्द लोकांना वाचता येतील अशी सोय करणं. हॅलिफॅक्समध्ये ते घडलं, आणि ते घडायला दीडशे वर्षं का लागली हे समजून घेण्यासारखं आहे.

रोजनिशीची पहिली हाती आलेली नोंद ११ ऑगस्ट १८०६ ची आहे. ॲन तेव्हा पंधरा वर्षांची होती. नोंद अगदी साधी आहे: एलायझा आज आपल्याकडून गेली. ही एलायझा रेन. तिचा जन्म मद्रासचा. वडील विल्यम रेन हे ईस्ट इंडिया कंपनीचे तिथले सर्जन, आई भारतीय. वडील वारल्यावर एलायझा आणि तिची बहीण जेन यांना इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात पाठवलं गेलं. दोघींच्या नावे वडिलांनी प्रत्येकी चार हजार पौंड ठेवले होते, म्हणजे त्या काळी चांगलीच रक्कम. यॉर्कच्या निवासी शाळेत ॲन आणि एलायझा एकाच खोलीत राहायच्या. तिथे त्यांचं प्रेम जमलं. मोठेपणी एकत्र घर करायचं असं दोघींनी ठरवलं होतं. ज्या गुप्त लिपीमुळे ॲन आज जगभर ओळखली जाते ती लिपी याच नात्यात आकाराला आली. एलायझाही ती वापरायची.

भारतातल्या वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडच्या समलिंगी इतिहासातल्या या सर्वांत प्रसिद्ध दस्तऐवजाची पहिली नोंद मद्रासमध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या निरोपाची आहे.

पुढे ॲनचं मन इतरत्र गेलं. मारियाना बेलकम नावाच्या डॉक्टरकन्येशी तिचं दीर्घकाळचं नातं जुळलं. मारियानाने १८१६ मध्ये एका श्रीमंत पुरुषाशी लग्न केलं, तरी ते नातं तुटलं नाही. एलायझाला मात्र १८१४ च्या सुमारास यॉर्कजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आलं. १८६० मध्ये ती वारली तोवरचं तिचं बहुतेक आयुष्य अशा देखरेखीखालीच गेलं.

आता त्या लिपीबद्दल. ग्रीक अक्षरं, गणिती चिन्हं, विरामचिन्हं आणि काही मनाने बनवलेल्या खुणा एकत्र करून ती केलेली आहे. इंग्रजीतल्या प्रत्येक अक्षराला एक खूण, शिवाय काही जोडअक्षरांना आणि नेहमीच्या शब्दांना वेगळ्या खुणा. मोडी वाचायला बसलेल्या माणसाला शब्द कुठे संपला हे कळेनासं होतं, तसंच इथेही होतं, कारण दोन शब्दांमध्ये ॲन जागाच सोडत नाही. साध्या इंग्रजीतला भागही सोपा नाही. अक्षर बारीक आणि घाईचं, शब्द जागोजाग तोडलेले.

साध्या लिपीत ती हवामान लिहिते, किती वाजता उठलो ते लिहिते, कोळशाचा भाव, कुळांचे व्यवहार, वाचलेली ग्रीक पुस्तकं, प्रवास. गुप्त लिपीत प्रेम आणि शरीरसंबंध तर आहेतच, शिवाय पैशाची चिंता, कपड्यांबद्दलची लाज, लोकांनी केलेली कुचेष्टा, आजारपणं हेही आहे. म्हणजे ती लिपी फक्त शरीरसुखासाठी नव्हती. चारचौघांत जे बोलता येत नव्हतं ते सगळं त्यात जायचं. २९ जानेवारी १८२१ च्या नोंदीत ती लिहिते की आपलं प्रेम केवळ स्त्रियांवर आहे, त्यांचंही आपल्यावर आहे आणि दुसऱ्या कुठल्याही प्रेमाला आपलं मन तयार होत नाही. स्वतःला इतकं स्पष्ट ओळखणारी ती त्या वेळी २९ वर्षांची होती.

१८२६ मध्ये काका वारल्यावर शिबडेनचा कारभार तिच्या हातात आला. जमीन, खाणी, कुळं सगळं ती स्वतः पाहू लागली. १८३२ पासून शेजारच्या इस्टेटीची वारसदार ॲन वॉकर तिच्या आयुष्यात आली. १८३४ च्या ईस्टरला दोघींनी यॉर्कच्या गुडरमगेट रस्त्यावरच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये शेजारी बसून प्रभुभोजनाचा प्रसाद घेतला. अंगठ्यांची देवाणघेवाण त्याआधीच झाली होती. कायद्याच्या दृष्टीने याला काहीही अर्थ नव्हता, पण त्या दोघींसाठी तो विवाह होता. लोकांना कुणकुण लागलीच. १८३५ च्या जानेवारीत लीड्सच्या वृत्तपत्रात कुणीतरी खोटी जाहिरात दिली: शिबडेन हॉलचे कॅप्टन टॉम लिस्टर यांचा कुमारी ॲन वॉकर हिच्याशी विवाह झाला. हा छापील टोमणा दोघींना गिळावा लागला.

कायद्याचंही सांगायला हवं. पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना इंग्लंडमध्ये शिक्षा होती, ॲनच्या काळात तर फाशीही. स्त्रियांमधल्या संबंधांवर तिथे गुन्ह्याचं कलम कधीच नव्हतं. १९२१ मध्ये ते आणण्याचा प्रयत्न झाला आणि संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे लॉर्ड्सच्या सभागृहात, पडला. तिथे मांडलेला एक युक्तिवाद असा होता की कायदा केला तर ज्या असंख्य बायकांना असलं काही असतं हे ठाऊकच नाही त्यांना ते कळेल. पुरुषांना तुरुंगाची भीती होती. स्त्रियांच्या वाट्याला आली ती नोंदच नसण्याची शिक्षा. म्हणूनच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला कागद इतका मोलाचा.

१८४० च्या २२ सप्टेंबरला ॲन आजच्या जॉर्जिया देशातल्या कुताइसी गावी तापाने वारली. वय ४९. ॲन वॉकर सोबत होती. तिने ते शव हजारो मैलांवरून घरी आणवलं आणि एप्रिल १८४१ मध्ये हॅलिफॅक्सच्या चर्चमध्ये दफन झालं. दोनच वर्षांनी ॲन वॉकरलाही मनोरुग्ण ठरवून घराबाहेर काढण्यात आलं. ॲन लिस्टरवर प्रेम करणाऱ्या दोन बायका, आणि दोघींच्या नशिबी वेडेपणाचा शिक्का. रोजनिशी वाचून आनंदित होणाऱ्यांनी हेही वाचायला हवं.

वह्या वाड्यातच राहिल्या. १८८७ पासून वाड्याचे त्या वेळचे मालक जॉन लिस्टर स्थानिक वृत्तपत्रात त्यातले साध्या लिपीतले उतारे छापू लागले, ‘गावाचा जुना इतिहास’ म्हणून. गुप्त लिपी कुणाला येत नव्हती. मग जॉन यांनी ब्रॅडफर्डचे शिक्षकमित्र आर्थर बरेल यांच्या मदतीने ती फोडली. तो प्रसंग बरेल यांनी १९३६ मध्ये हॅलिफॅक्सच्या ग्रंथपालाला पत्राने कळवला. दोन अक्षरांचा अंदाज आधीच आला होता. जुन्या दस्तांच्या ढिगात एक चिठ्ठी सापडली: ‘देवावर माझी’ असे इंग्रजी शब्द आणि पुढे गुप्त लिपीतला एक शब्द. तो शब्द ‘होप’, म्हणजे ‘आशा’, असणार हे दोघांना लगेच उमजलं, आणि त्या एका इंग्रजी शब्दाने चार अक्षरं हातात दिली. रात्री बसलेले दोघे पहाटे दोनला उठले तेव्हा बहुतेक सगळी लिपी उलगडली होती.

वाचल्यावर मात्र ते हादरले. बरेल यांनी सल्ला दिला की जाळून टाका. काळ लक्षात घ्या: १८८५ मध्ये इंग्लंडने पुरुषांमधल्या कुठल्याही ‘असभ्य’ वर्तनाला शिक्षा देणारं नवं कलम आणलं होतं आणि १८९५ मध्ये नाटककार ऑस्कर वाइल्ड यांना त्याच कलमाखाली दोन वर्षं सक्तमजुरी झाली. घराण्याचं नाव असल्या गोष्टीशी जोडलं जाणं परवडणारं नव्हतं. तरी जॉन यांनी वह्या जाळल्या नाहीत. उतारे छापणं थांबवलं आणि वह्या वाड्याच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे परत ठेवल्या. त्या एका निर्णयाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

जॉन १९३३ मध्ये वारले. वाडा नगरपालिकेकडे आला, संग्रहालय झाला, वह्या ग्रंथालयात गेल्या. लिपीची किल्ली ग्रंथपालाकडे कुलूपबंद. पुढच्या दशकांत अभ्यासकांनी वह्या वाचल्या, पण नगरपालिकेची नजर होती आणि त्या काळचा संकोचही होता. साठच्या दशकात ज्यांनी पुष्कळ वाचलं त्यांनी सांकेतिक भागात ऐतिहासिक मोलाचं काही नाही असं मत नोंदवून विषय मिटवला. जाळणं टळलं होतं, पण ‘यात काही नाही’ हे वाक्यही वाचकाला तितकंच दूर ठेवतं.

कोंडी फोडली हॅलिफॅक्समध्येच राहणाऱ्या हेलेना व्हिटब्रेड यांनी. संसार, मुलं मोठी झाल्यावर त्यांनी पदवी घेतली आणि १९८३ मध्ये लिहिण्यासाठी विषय शोधत त्या गावच्या दफ्तरात गेल्या. तिथे त्यांना या वह्या दाखवण्यात आल्या. पुढची पाच वर्षं त्या पानामागून पान उलगडत बसल्या. १९८८ मध्ये व्हिरागो या स्त्रियांच्या प्रकाशनसंस्थेने त्यांचं संपादित पुस्तक छापलं. मजकूर इतका थेट होता की हे बनावट तर नाही ना, अशी शंका काहींनी घेतली. त्याच वर्षी, २४ मे १९८८ ला, ब्रिटनमध्ये कलम २८ लागू झालं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये असं ते कलम सांगत होतं. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयं याच संस्थांच्या हाती. शिक्षक वर्गात बोलायला कचरू लागले, ग्रंथपाल पुस्तक मागवताना विचार करू लागले. पावणेदोनशे वर्षांचा कागद अखेर छापून बाहेर पडला आणि त्याच वर्षी त्याला शाळेच्या दारात अडवणारा कायदाही आला. कलम २८ स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झालं. फेब्रुवारी २००५ पासून ब्रिटनमध्ये दरवर्षी ‘एलजीबीटी इतिहास महिना’ पाळला जातो. त्याची सुरुवात शिक्षकांच्याच एका संघटनेने केली, यात नवल नाही.

२०१९ मध्ये ॲनवर बीबीसीची मालिका आली आणि गावाकडे पाहुण्यांची रीघ लागली. २०२१ मध्ये हॅलिफॅक्सच्या पीस हॉल या जुन्या कापडबाजाराच्या चौकात तिचा पुतळा उभा राहिला. यॉर्क विद्यापीठाने नव्या कॉलेजला तिचं नाव दिलं. मला त्याहून मोठं वाटतं ते याच वर्षांत झालेलं वाचनाचं काम. वेस्ट यॉर्कशरच्या सरकारी अभिलेखागाराने वह्यांच्या पानांची छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली आणि जगभरच्या स्वयंसेवकांना लिपी शिकवून लिप्यंतराला लावलं. घरबसल्या, आपल्या वाट्याची पानं घेऊन, अनोळखी माणसं एकमेकांचं काम तपासत बसली. जयंतीच्या दिवसांत एकत्र येणाऱ्यांत हे लोक असतात. त्यांच्या व्याख्यानांत ‘तिने अमुक तारखेला नेमकं काय लिहिलंय’ यावर वाद होतात. साहित्यिक सोहळा असावा तर असा.

अशाच खोदकामातून २०२० मध्ये ॲन वॉकरची स्वतःची रोजनिशी हाती आली. जून १८३४ ते फेब्रुवारी १८३५ एवढाच काळ, पण तोवर जी बाई फक्त दुसरीच्या नजरेतून दिसत होती ती पहिल्यांदा स्वतः बोलली.

गौरवात एक खरी अडचण असते आणि यॉर्कच्या चर्चवरच्या फलकाने ती उघड केली. जुलै २०१८ मध्ये तिथे इंद्रधनुषी कडेचा फलक लागला. त्यावर ॲनचं वर्णन स्त्री-पुरुषांच्या ठरीव चौकटीत न बसणारी उद्योजिका असं होतं, समलिंगी असल्याचा उल्लेख नव्हता. हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवा फलक लागला: लेस्बियन आणि रोजनिशीकार. जुन्या काळच्या माणसाला आजचं नाव लावू नये, हा इतिहासकारांचा आक्षेप मला समजतो. बहुतेक वेळा तो रास्तही असतो. दोन पुरुषांची प्रेमळ पत्रं सापडली म्हणून लगेच शिक्का मारता येत नाही, कारण त्या काळी मैत्रीतही तशीच भाषा वापरली जायची. पण इथे तिची कबुली आहे, तारखेसह, तिच्या हातची. इतका पुरावा असताना संकोच केला तर पुसून टाकण्याचं जुनं कामच पुढे चालतं. माझ्या लेखी नवा फलक बरोबर आहे.

आणि तरी तिला देव्हाऱ्यात बसवू नये. ती कट्टर टोरी, म्हणजे जुनी व्यवस्था टिकवू पाहणाऱ्या पक्षाची, होती. मतदानाचा हक्क वाढवण्याच्या चळवळीच्या ती विरोधात होती, आणि गुप्त मतदान नसलेल्या त्या काळात आपल्या कुळांनी कुणाला मत द्यावं यासाठी ती दबाव आणायची. तिच्या जमिनीखाली कोळसा होता आणि त्या काळच्या यॉर्कशरच्या खाणींत लहान मुलं राबत. प्रेमात तिने काही बायकांना फसवलं, काहींना पैशासाठी तोलून पाहिलं. हे सगळं तिनेच लिहून ठेवलंय. चांगली व्याख्यानं हे वगळत नाहीत. समलिंगी माणसाला मान मिळायला तो संत असावा लागतो ही अपेक्षाच अन्यायाची आहे. कुणाही माणसाइतकं गुंतागुंतीचं असण्याचा हक्क त्यालाही आहे.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध वगळले. ते कलम इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. त्यानंतर मराठीतही या विषयावरच्या साहित्यचर्चा, वाचनाचे कार्यक्रम उघडपणे होऊ लागले, आणि तिथे हमखास विचारलं जातं की आपल्या भाषेतल्या अशा जुन्या नोंदी कुठे आहेत. मला वाटतं त्या ट्रंकांत आहेत, पत्रांच्या गठ्ठ्यांत आहेत, घर रिकामं करताना रद्दीत जाणाऱ्या वह्यांत आहेत. अविवाहित राहिलेल्या आत्याच्या, मैत्रिणीसोबत आयुष्य काढलेल्या मास्तरणीच्या. कुणाच्या हाती अशी वही आली तर एवढंच करा: फाडू नका, एखाद्या सार्वजनिक संग्रहाला द्या. नाव जाहीर करायचं नसेल तर काही वर्षं बंद ठेवण्याची अट घालता येईल का, ते विचारा.

आणि एलायझा? तिची काही पत्रं आणि एका छोट्या रोजनिशीची पानं शिबडेनच्याच कागदांत टिकली आहेत. यॉर्कच्या वेशीवरच्या ऑस्बल्डविक गावी तिची कबर आहे. मद्रासमधल्या तिच्या आईबद्दल, त्या घराबद्दल लिहायचं तर कंपनीची तिथली दफ्तरं चाळायला हवीत, आणि तो शोध घ्यायला भारतातले अभ्यासक हॅलिफॅक्सच्या लोकांपेक्षा अधिक सोयीच्या जागी आहेत.